नगरपंचायतीला सुतक

चांगुणाबाय आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली ती रडतच आली. डोईवर टोपली, तोंडावर पदर, आणि पायरीपासूनच हेल काढलेला, "गेला गो बाय, गेला! भरल्या घरातनं उठून गेला!" सोमवारची सकाळ होती. सगळा स्टाफ नुकता कुठे पंख्याखाली टेकला होता. आम्ही ताडकन उठून उभे राहिलो.

आता असं आहे, की ऑफिसात कोणी असं रडत आलं तर माणसाला आधी आपल्यातलं कोण आजारी आहे ते आठवतं. आमच्या लेखापालांचे सासरे त्या आठवड्यात कल्याणला दवाखान्यात होते. सगळ्यांनी एकदम लेखापालांकडे पाहिलं. ते मटकन खुर्चीत बसले. गंगाराम शिपायाने त्यांना पाणी दिलं, मी पाठीवर हात ठेवला, साहेब चष्मा काढून केबिनच्या बाहेर आले. लेखापालांनी रडत रडत सासरी फोन लावला, तर पलीकडून खुद्द सासऱ्यांनीच उचलला. "काय जावईबापू, आज सकाळीच आठवण?" ते आदल्या दिवशीच घरी आले होते आणि पोहे खात होते. लेखापालांचा चेहरा असा झाला, की रडावं का हसावं हे त्यांना कोणीतरी लेखी कळवायला हवं होतं.

मग गेलं कोण?

"जांभूळ," चांगुणाबाय पदराआडून म्हणाली. "तळ्यावरचा. शनवारी तोडलात ना तुमी?"

मी माणूस मुळात तापट. टेबलावर हात आपटून म्हणालो, "आजी! झाडासाठी एवढा तमाशा? इथे एकाचा सासरा मारला असता तुम्ही!"

तिच्यावर काडीचा परिणाम नाही. तिने टोपली खाली ठेवली, वरचं फडकं काढलं. आत तांदळाच्या भाकऱ्यांची चवड आणि डब्यात पिठलं. "ज्या घरात मयत व्हतं त्या घरात चूल पेटत नाय. म्हणून आणलंय. खाऊन घ्या. रीत हाय."

"पण झाड गेलं तळ्यावरचं. आम्हाला कसलं सुतक?"

"खोडावर नंबर कोणाचा व्हता?"

"नगरपंचायतीचा."

"मग? ज्याचं नाव लावतंय त्याचा तो. नंबर तुमचा, जीव तुमचा, तवा सुतक बी तुमाला."

एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली, अर्धा तास मुकाट बसून राहिली आणि उठून चालती झाली. जाताना कोणाला 'येते' म्हणाली नाही. मयताच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. आम्ही त्या टोपलीभोवती उभे. बॉम्ब सापडल्यावर पोलीस उभे राहतात ना, तसे. शेवटी गंगारामने एक भाकरी उचलली आणि म्हणाला, "गरम हाय, सायब."

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या अर्ज वाढतील. किन्हवलीवरून एसटी येते, येईल तेव्हा. कालपरवापर्यंत आमची ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. झाली म्हणजे काय, तर पाटी बदलली, घरपट्टी वाढली आणि झाडांना नंबर पडले. मी दुसऱ्या तालुक्यातून बदलून आलो तेव्हा 'वृक्ष' अशी पाटी असलेलं टेबल तेवढं रिकामं होतं. ते माझ्या कपाळी आलं. करंज कोणता आणि कडुनिंब कोणता हे त्या दिवसापर्यंत मला धड माहीत नव्हतं.

लोकांना वाटतं, झाडांच्या टेबलावर बसणारा माणूस सावलीत असेल. अहो, कसली सावली! झाड वाचवा म्हणणारे अर्ज माझ्याकडे औषधालासुद्धा नाहीत. बाकी सगळे झाडांवर खार खाऊन असलेले. एका गृहस्थांची तक्रार, की समोरचा बदाम पानं गाळतो आणि ती नेमकी त्यांच्याच ओट्यावर पडतात, तरी संबंधितांना समज द्यावी. संबंधित कोण? बदाम? दुसऱ्या एकाच्या पांढऱ्या गाडीवर जांभळाचे डाग पडत. तो वर्षभर आमचा जीव खात होता. तळ्यावरचा तो जांभूळ तुटला तो त्याच्याचमुळे. आणि जांभूळ तुटल्यावर आठवडा गेला नाही तोच तो पुन्हा दारात हजर. गाडी उन्हात तापते म्हणाला. "काहीतरी सोय करा साहेब." काय सोय करू? गाडीवर छत्री धरून उभा राहू?

आणि माघ लागला की मग तर विचारूच नका. गावातली निम्मी झाडं एकदम धोकादायक होतात! पावसाळ्यात वादळात कडाडणारी फांदी कोणाला दिसत नाही, आणि माघात, वारा पडलेला असताना, लोक हात जोडून येतात, "सायब, फांदी कवा डोक्यात पडंल सांगता येत नाय. तेवढी उतरवून द्या." पहिल्या वर्षी मी घाबरून गावातल्या सगळ्या फांद्या उतरवल्या. मला वाटलं, आपण प्राण वाचवले. मागून कळलं, ते राबाचं होतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पाल्याच्या फांद्या, गवत, शेण पसरून जमीन भाजतात. तो राब. जंगलातून पाला तोडायला गेलं तर वनखात्याचा माणूस हटकतो. मग नगरपंचायतीच्या शिडीने, नगरपंचायतीच्या मजुरांकडून, दारात पाला पडत असेल तर कोणाला नको आहे? आमचे मजूर फांद्या उतरवून चहा पिऊन येईतो रस्त्यावर पान शिल्लक नसायचं. माझ्या डोळ्यांदेखत साठीची माणसं फांदीची दोन टोकं धरून भांडताना मी पाहिली आहेत.

"मेल्याच्या अंगावरची चादर वढतात मुडदे," चांगुणाबाय म्हणायची.

तर अशी ही चांगुणाबाय. सत्तरीच्या पलीकडची, ठेंगणी, काटक. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, दंडावर गोंदण, आणि हातात एक काठी, जी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. नवरा काही वर्षांपूर्वी गेला. एकुलती एक लेक टोकावड्याला दिलेली. भाताचा तुकडा पुतण्या कसतो. ही तळ्यामागच्या आळीत एकटी राहते, आणि गावात कुठे कुऱ्हाडीचा आवाज आला की तिला तो कसा कळतो देव जाणे, पण कळतो.

तिच्या रीतीला पायऱ्या होत्या. सबंध झाड पडलं तर रडत यायचं, पिठलं-भाकरी घेऊन. नुसती फांदी छाटली तर रडायचं नाही. आजाऱ्याला बघायला येतात तशी पेज घेऊन यायची. "हात गेला. जीव हाय अजून. जपा." आणि ती पेज मला प्यावी लागे, कारण घरातला कर्ता मी. बिनमिठाची पेज, भर ऑफिसात, लोक अर्ज घेऊन रांगेत उभे आणि ही समोर बसून मी वाटी संपवतो की नाही ते बघत बसलेली!

बाजारपेठेत पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ठेकेदाराने एका कडुनिंबाच्या बुंध्याला चारी बाजूंनी सिमेंट घट्ट लावलं. लोक खूश. किती स्वच्छ दिसतं म्हणाले. चांगुणाबाय त्या दिवशी टोपलीबिपली न घेताच आली ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब म्हणजे आमचे मुख्याधिकारी, सरळ माणूस, तेव्हा डबा खात होते. तिने साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, दोन्ही हातांनी कॉलर आवळली आणि म्हणाली, "हां, आता गिळ."

साहेबांचे डोळे पांढरे झाले. मी धावलो, गंगाराम धावला, तिला बाजूला केलं. मुख्याधिकाऱ्यांची कॉलर! "साहेब, पोलिसांत देऊया," मी म्हणालो.

"काय म्हणून देऊ?" साहेब गळा चोळत म्हणाले. "झाडाच्या वतीने मला दाबलं म्हणून?" आणि संध्याकाळच्या आत त्यांनी सिमेंट फोडायला माणसं पाठवली.

वृक्षारोपणाची तर गोष्टच वेगळी. त्या दिवशी ती धुवट लुगडं नेसून आली, हातात काजळाची डबी आणि परातीत घुगऱ्या. मांडव घातलेला, मोठे पाहुणे आलेले, हार, फोटोवाला, सगळा थाट. पाहुण्यांनी खड्ड्यात रोप ठेवलं, फोटो निघाला. तेवढ्यात ही गर्दीतून पुढे आली, रोपाच्या पानाला काजळाचं बोट लावलं आणि पाहुण्यांच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. "नाव काय ठेवलंत?"

पाहुणे हसले. मग सगळेच हसले. "बघा, किती निर्मळ मनाची माणसं," असं पाहुणे बाजूच्याला म्हणाले आणि त्यांनी घुगऱ्या तोंडात टाकल्या.

"आणि मागल्या साली याच खड्ड्यात बारसं केलंत, तं पोर कुठंय?"

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"त्याच्या आदल्या साली पण एक व्हतं. तुमच्याकडं पोरं जगत नाय काय? बाहेरचं कोणाला दाखवलंत काय नाय?"

पाहुण्यांच्या घुगऱ्या घशात. त्यांना ठसका लागला तो लागला. त्या दिवशी साहेबांनी मला जे ऐकवलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, ही म्हातारी माझी नोकरी खाणार. बायको म्हणाली, "पण विचारलं ते काय चूक विचारलं?" घरात आणि ऑफिसात मला एकूण सारखाच पाठिंबा.

आणि एक सांगतो. आमच्या स्टाफला त्या पिठल्याची चटक लागली. पिठलं होतंच तसं, लसणीची फोडणी, वर कोथिंबीर नाही, काही नाही, पण बोटं चाटावीत असं. एकदा गंगाराम फाइल ठेवता ठेवता सहज म्हणाला, "सायब, स्टँडवरचा गुलमोर कवा घ्यायचा? बरेच दिवस झाले पिठलं खाल्लं नाय." मी सर्द झालो. फाइलच भिरकावली त्याच्या अंगावर. "माणूस आहेस की गिधाड?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुमी पण दोन भाकऱ्या खाता."

अशा बाईबद्दल मनात काय येईल? की बाई वेडी असेल, पण केवढी माया! मीही हळूहळू तसंच म्हणायला लागलो होतो. पाव्हण्यारावळ्यांना तिच्या गोष्टी रंगवून सांगायचो. आणि मग एक दिवस तळ्यामागच्या आळीत गटाराच्या कामासाठी गेलो असताना तिथल्या लोकांनी मला जे सांगितलं, त्याने माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

चांगुणाबाय माणसांच्या मयताला बसायला जात नव्हती. कोणाकडेच नाही.

शेजारची म्हातारी गेली. भिंतीला भिंत लागून घर. सगळी आळी त्यांच्या ओटीवर जमलेली, आणि ही आपल्या दारात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. "आवाज येत व्हता, सायब," त्या घरची सून मला म्हणाली. "आमी रडताव नि ही पाखडते. एका भिंतीचं अंतर. एकदा येऊन उभी राह्यली असती तं काय झालं असतं?" आळीत कोणाचा तरुण मुलगा गेला तेव्हाही ही उठली नाही. सख्ख्या चुलत दिराच्या दहाव्यालासुद्धा गेली नाही. आणि जांभळासाठी मात्र नगरपंचायतीच्या पायरीवर हंबरडा!

माझं डोकं फिरलं. म्हणजे आम्ही सगळे येडे? ही रडते आणि आम्ही हिच्या भाकऱ्या खाऊन गहिवरतो?

पुढच्या खेपेला शाळेमागचं सावरीचं झाड पडलं आणि चांगुणाबाय हेल काढत आली, तेव्हा मी तिला दारातच अडवलं. "आजी, सावरीला रडता आणि शेजारणीला नाही? ही कुठली रीत?"

हेल मध्येच थांबला. तिने पदर खाली घेतला. डोळे कोरडे ठणठणीत. "रीत फेडायची असते रे. ज्यानं आपली केली त्याची आपण करायची."

"म्हणजे काय?"

"म्हंजे काय नाय. भाकरी थंड व्हते."

मी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. नाटकी बाई, असं मनात पक्कं केलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्या वाटची भाकरी गंगाराम खायचा.

आणि मग या फाल्गुनात ती आली. डोक्यावर टोपली नाही, तोंडावर पदर नाही, रडणं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "अर्ज लिव."

"कसला?"

"माज्या दारासमोर करंज हाय. तं तोडून टाका."

लेखापालांचा हात हवेत राहिला. गंगाराम चहाचा ट्रे घेऊन दारात जो थांबला तो थांबलाच. अहो, ज्या बाईने कडुनिंबासाठी मुख्याधिकाऱ्यांचा गळा धरला, ती स्वतःच्या दारातला करंज तोडा म्हणते! मला आधी राबाचीच आठवण झाली. "पुतण्याला पाला हवाय का, आजी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकलो. "थू तुज्या तोंडावर," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "त्याच्यावर लाल फुली तुमीच मारलीय ना?"

मारली होती. तळ्यामागचा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि करंज बरोबर मध्ये येतो. काम मंजूर झालंय, सुरू कधी होईल ते सांगता येत नाही. आमचं काम म्हणजे पुढच्या दिवाळीला म्हटलं तर त्याच्या पुढची दिवाळी धरायची.

"म्हंजे तोडणार हायतच."

"तोडणार, पण आत्ता नाही ना. तुम्हाला कसली घाई?"

"डागदर बोल्ला, काळीज मोठं झालंय. मी बोल्ली, मोठं झालंय तं चांगलंच की. तं बोल्ला, नाय आजी, वाईट."

गंगाराम फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"मी आदी गेली नि करंज मागनं गेला," चांगुणाबाय म्हणाली, "तं त्याच्याकडं बसाया कोण यील? हितं कोणाला पडलंय? म्हणून सांगतंय, तोडायचाच हाय ना, तं मी हाय तवर तोडा. माज्या समोर जाऊ दे. त्याचं काय असंल तं मी करीन. मग मी मोकळी."

इतकी वर्षं मी अर्ज वाचतोय, असलं कारण मी ऐकलं नव्हतं. झाड तोडायचं तर ते धोकादायक हवं, वाळकं हवं, नाहीतर रस्त्यात हवं. मागे रडायला माणूस उरणार नाही, हे कुठल्या रकान्यात लिहू? "स्थळपाहणी करावी लागेल," मी कसाबसा म्हणालो. आमच्या ऑफिसात काय करावं ते सुचलं नाही की स्थळपाहणी करतात.

दुपारी तिच्याबरोबरच तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावर बसली, मी खालच्या पायरीवर. बोळाच्या पलीकडे करंज उभा होता, नवी पालवी फुटलेला, बुंध्यावर आमची लाल फुली. मी टेप काढली होती, ती तशीच हातात राहिली. म्हटलं, "आजी, एवढं काय आहे या झाडात? माणसांकडे जात नाही तुम्ही. खरं सांगा."

ती बोलली ती झाडाकडे बघत.

"त्या तापाच्या साली म्हातारा गेला. अंगभर पांढरं घातलेली माणसं आली नि न्हेला. कुठं जाळला तं पण मला दाखवलं नाय. आळीच्या तोंडाला बांबू बांधले. लेक तकडं अडकली, गाडी नाय, पास नाय. मी दार सताड उघडं टाकून हितं बसली. बोल्ली, कोण तरी यील. लांब उभं राह्यलं असतं तरी चाललं असतं रे. खिडक्या लागल्या. भाकरीचं सोड, कोणी हाक पण नाय मारली."

"घाबरली असतील, आजी."

"घाबरलीच व्हती. मी कुठं नाय बोलतंय? मी शिव्या पण देत नाय त्यांना. पण आली नाय ती नाय आली." तिने हात पुढे केला आणि पायरीवर तळवा टेकला. ऊन कललं होतं. करंजाची सावली बोळ ओलांडून माझ्या पायांपर्यंत आली होती. "हा तेवढा यायचा. दुपार कलली की यायचा. पयला पायरीवर, मग उंबऱ्यावर, मग आत घरात. तिन्हीसांज व्हईपर्यंत बसायचा. बोलायचा नाय, काय नाय. बसाया येतात तं असंच ना? दहाव्यापर्यंत एक दिवस चुकला नाय. आता तूच सांग, मी कोणाची रीत फेडू?"

मी त्या सालात या गावात नव्हतो. तरी मला तिच्याकडे बघवेना. सुपात तांदूळ पाखडणारी बाई मला आता दिसत होती, आणि भिंतीपलीकडची रडणारी सूनही दिसत होती, आणि दोघींपैकी एकीलाही मी चूक म्हणू शकत नव्हतो. करंज तर आम्ही तोडणारच होतो. त्यावर माझा इलाज नव्हता आणि तिला खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती.

"मी येईन," मी एकदम बोलून गेलो. "तुम्ही नसलात तर करंजाकडे मी येईन बसायला."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू? तुजी बदली व्हईल."

"झाली तरी येईन."

"तुला बसाया तरी येतंय काय? ऑफिसात बघते ना मी, चुळबुळ चुळबुळ."

"मग शिकवा."

"पयलं म्हंजे, कसं झालं तं इचारायचं नाय," ती बोट नाचवत सांगायला लागली, अगदी नेहमीच्या ठसक्यात. "लोक तंच इचारतात. कसं झालं, कवा झालं, डागदर काय बोल्ला. तं सगळं नाय. जाऊन गप बसायचं. मग हळूच इचारायचं, खाल्लंस काय."

"खाल्लंत का, आजी?" मी म्हणून बघितलं. नुसतं वाक्य जमतंय का ते बघत होतो, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं.

ती माझी चूक काढायला तोंड उघडणार होती. ते उघडलेलं तोंड तसंच राहिलं. "नाय," ती म्हणाली. "नाय रे बाबा. काय नाय खाल्लं." आणि हे ती आजच्या दुपारचं सांगत नव्हती, एवढं मला कळलं.

मग चांगुणाबाय रडली. त्या रडण्याला हेल नव्हता, 'गेला गो' नव्हतं, पदर तोंडावर घ्यायचंसुद्धा तिला सुचलं नाही. मी घाबरून गेलो. हात कुठे ठेवावेत कळेना. चुळबूळ न करता बसून राहायचं एवढंच तिने शिकवलं होतं, तेवढं केलं. आवाज ऐकून शेजारची सून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. आम्हा दोघांना पाहून ती आपल्या दारातच थबकली. कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग खाली उतरली आणि येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली.